वाचक विचारतात : हिमनदी, भूकंप आणि सीमाभागातला भूवैज्ञानिक

हिमालयातल्या हिमनद्या आणि भूकंपप्रवण भूभाग यांचा अभ्यास हे करिअर कसे असते, याबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक इथून बरीच पत्रे आली आहेत. एकाच आशयाची पत्रे आम्ही एकत्र केली आहेत. उत्तरे देणाऱ्या दोघांपैकी एकाचे काम हिमनद्यांवर चालते, दुसऱ्याचे सक्रिय भ्रंशांवर, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या भेगांवर.

प्रश्न : मी एसएसएलसीला आहे, मराठी माध्यमात. मला हिमनद्यांचा अभ्यास करायचा आहे. पुढे कोणते विषय घेऊ? कुठे शिकू? (विद्यार्थिनी, खानापूर)

पीयूसीला म्हणजे अकरावी-बारावीला सायन्स घे आणि फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हे तिन्ही ठेव. पीसीएमबी घेतलेस तरी चालेल, पण मॅथ्स सोडू नकोस. हिमनदीचे काम आज निम्मे उपग्रहचित्रांवर आणि आकडेमोडीवर चालते, आणि गणित टाळलेला विद्यार्थी एम.एस्सी.नंतर तिथे अडकतो.

त्यानंतर बी.एस्सी.ला भूविज्ञान म्हणजे जिऑलॉजी हाच विषय हवा. आपल्याकडची मुले नेमकी इथे फसतात. भूगोल आणि भूविज्ञान हे दोन वेगळे विषय आहेत. भूगोल घेऊन बी.ए. झालेल्याला एम.एस्सी. जिऑलॉजीची दारे जवळजवळ बंदच असतात, आणि ते शेवटच्या वर्षी कळून काही उपयोग नसतो. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन स्पष्ट विचार: जिऑलॉजी तिन्ही वर्षे आहे का, की फक्त सुरुवातीला?

जवळची ठिकाणे सांगायची तर धारवाड. कर्नाटक विद्यापीठात एम.एस्सी. जिऑलॉजी आहे. गोव्यात पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले कॉलेज बी.एस्सी.साठी, पुढे गोवा विद्यापीठ. पुण्यात फर्ग्युसन आणि सावित्रीबाई फुले विद्यापीठ. सोलापूर विद्यापीठातही उपयोजित भूविज्ञान शिकवतात. आयआयटीत एम.एस्सी. करायचे असेल तर बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षी ‘जॅम’ परीक्षेचा जिऑलॉजीचा पेपर द्यावा लागतो. मुंबई, रुरकी, खरगपूर ही त्यातली जुनी नावे.

मराठी माध्यमाची धास्ती घेऊ नकोस. मात्र दहावीच्या सुट्टीपासून इंग्रजी पाठ्यपुस्तक रोज दोन पाने वाच. भूवैज्ञानिकांच्या केंद्रीय परीक्षेची उत्तरे इंग्रजीतच लिहायची असतात.

प्रश्न : मुलगा बी.एस्सी. जिऑलॉजी करतोय. गल्लीतली माणसं विचारूलेत, “दगड बघून पोट भरतंय काय?” नोकऱ्या खरोखर आहेत का? (पालक, निपाणी)

आहेत. पण हिमनदीवरच्या फार थोड्या आहेत, हे आधीच सांगितलेले बरे.

सर्वांत मोठा मालक म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, १८५१ पासूनची संस्था, मुख्यालय कोलकात्याला. भरती यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून होते. वय २१ ते ३२, राखीव गटांना सवलत. पूर्वपरीक्षा वस्तुनिष्ठ: सामान्य अध्ययन १०० गुण, विषयाचा पेपर ३०० गुण, चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापले जातात. मुख्य परीक्षेला २०० गुणांचे तीन लेखी पेपर, मग २०० गुणांची मुलाखत. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात असताना अर्ज करता येतो. निवड झाली की वेतनस्तर १०, म्हणजे सातव्या आयोगाप्रमाणे सुरुवातीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये, वर भत्ते. हैदराबादची प्रशिक्षण संस्था आणि चित्रदुर्गसारखी क्षेत्र-केंद्रे इथे प्रशिक्षण. या परीक्षेत पोरे मागे पडतात ती बहुधा विषयात नाही, तर लिहिण्याच्या वेगात. तीन तासांत आकृत्यांसह उत्तरे लिहायचा सराव कॉलेजात कोणी करून घेत नाही, तो घरी घड्याळ लावून करावा लागतो.

इथे कोणाची कुठल्या विभागात नेमणूक होईल ते आपल्या हातात नसते. बहुतेकांच्या वाट्याला खनिज शोध आणि नकाशांकन येते. मुलाला हिमनदी किंवा भूकंपच हवा असेल तर ‘नेट’ किंवा ‘गेट’ काढून पीएच.डी.ची वाट सरळ पडते. हिमनद्यांसाठी डेहराडूनची वाडिया संस्था, बेंगळुरूच्या आयआयएस्सीतले दिवेचा केंद्र, आणि आपल्याला सर्वांत जवळचे म्हणजे वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. लोंढ्याहून कॅसलरॉकचा घाट उतरला की जिथे रेल्वे संपते, त्या गावात अंटार्क्टिकाच्या बर्फाचे गाभे शून्याखाली गोठवून ठेवले आहेत, याची बेळगावात फारशी कोणाला कल्पना नसते. स्पितीतले ‘हिमांश’ हे ४,००० मीटरपेक्षा उंचावरचे केंद्र त्याच संस्थेचे. भूकंपासाठी हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था (एनजीआरआय), गांधीनगरची भूकंप संशोधन संस्था आणि कराडची खोल विंधन छिद्राची प्रयोगशाळा.

राज्याच्या नोकऱ्यांचे सांगायचे तर कर्नाटकाच्या खाण व भूविज्ञान खात्यात केपीएससीमार्फत जावे लागते आणि तिथे कन्नडची परीक्षा सक्तीची आहे. महाराष्ट्रात नागपूरचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आणि पुण्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांना महाराष्ट्राच्या भरतीत पात्रतेची सवलत असते. जाहिरातीतला दाखल्याचा नमुना आधी वाचून दाखला काढून ठेवावा, शेवटच्या आठवड्यात तो मिळत नाही. आणि कन्नड येत असेल तर ते सोडू नये. गोकाक-सौंदत्तीच्या शिवारात विहिरीचा थर कुठे बदलला हे शेतकरी कन्नडमध्येच सांगतो.

प्रश्न : गोकाकच्या धबधब्याखाली घरांएवढे दगड आणि खडकात गोल गुळगुळीत खड्डे आहेत. हे हिमयुगातल्या हिमनदीचे काम असेल का? (वाचक, गोकाक)

नाही. पण प्रश्न चांगला आहे, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे हेच या व्यवसायातले रोजचे काम.

गोकाकचा कडा कलादगी खोऱ्याच्या वालुकाश्म-क्वार्टझाइटचा. दख्खनच्या बेसॉल्टपेक्षा हा खडक कितीतरी जुना आहे. त्यातले गोल खड्डे म्हणजे रांजणखळगे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून ते कोरतात. त्यामुळे खळग्याच्या भिंतीवरचे ओरखडे आडवे, वळत गेलेले असतात आणि तळाशी बहुधा ते गोटेच सापडतात. हिमनदीचे ओरखडे सरळ, एकमेकांना समांतर, मीटरभर किंवा त्याहून लांब असतात आणि ते उघड्या खडकाच्या पाठीवर असतात, खळग्यात नाही. खालचे मोठे दगड कड्यातून सांध्यांवर, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक भेगांवर, सुटून पडलेले आहेत. खात्री करायची तर त्यांचा खडक आणि कड्याचा खडक भिंगाखाली ताडून बघा. हिमनदीने आणलेल्या गाळात दूरच्या, वेगवेगळ्या जातींच्या खडकांची सरमिसळ असते. माती, वाळू, गोटे, शिळा सगळे एकत्र, काही निवडलेले नाही. नदीचा गाळ मात्र आकाराप्रमाणे थर लावून बसतो.

बेळगाव आणि चिकोडीच्या बाजूला आणखी एक फसवणूक आहे. बेसॉल्टच्या उतारावर मुरमात गोल शिळा रुतलेल्या दिसतात. त्या कुठून वाहत आलेल्या नाहीत, जागच्या जागीच कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटून आतला गाभा उरलेला आहे. शिळेभोवतीचे पापुद्रे शोधा, प्रश्न मिटतो.

शेवटच्या हिमयुगाचा कळस सुमारे २०,००० वर्षांपूर्वीचा. तेव्हाही १६ अंश अक्षांशावर आणि हजार मीटरच्या आतल्या उंचीवर हिमनदी शक्य नव्हती. प्राचीन हिमनदीची खूण मराठी मुलखात पाहायची असेल तर चंद्रपूरजवळच्या इरई गावी जावे. तिथे पैनगंगेच्या चुनखडकावर हिमनदीने ओढलेले समांतर ओरखडे आहेत, वर तालचेर गटाचा शिळायुक्त थर. काळ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा, भारत दक्षिण ध्रुवाजवळ गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग होता तेव्हाचा.

गोकाकचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली ‘दक्षिण मराठा मुलखा’चे भूवैज्ञानिक वर्णन प्रसिद्ध केले, त्यात हा सारा परिसर येतो. गोकाकजवळच्या गाळात त्यांना नामशेष गेंड्याचे अवशेषही मिळाले होते. हिमयुगात इथे बर्फ नसला तरी गेंडा होता.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. हिमनदी ‘मोजतात’ म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? आत्तापासून काय शिकून ठेवू? (विद्यार्थी, धारवाड)

बातम्यांत हिमनदीचे तोंड किती मीटर मागे गेले एवढेच येते. ते सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी सांगणारे माप आहे. खरा हिशोब वस्तुमानाचा: वर्षभरात किती जमा झाले, किती वितळले.

खालच्या, वितळणाऱ्या भागात वाफेच्या यंत्राने बर्फात तीन-चार सेंटिमीटर रुंदीचे, आठ-दहा मीटर खोल भोक पाडतात आणि त्यात दोन-दोन मीटरचे बांबू एकमेकांना जोडून सोडतात. धातूचा पाइप वापरत नाहीत. तो उन्हात तापतो, भोवतालचा बर्फ वितळवतो, कलतो आणि खाली सरकतो, मग माप खोटे. प्रत्येक बांबूवर क्रमांक आणि खुणा, जागेचे जीपीएस वाचन. मोजणी दरवर्षी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, वितळण संपता संपता.

गेल्या वर्षी बांबू बर्फाबाहेर ०.४ मीटर होता आणि आता २.९ मीटर आहे, असे धरा. म्हणजे २.५ मीटर बर्फ गेला. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९ पट, म्हणून २.२५ मीटर पाणी. मोजायच्या दिवशी वर ताजे हिम पडलेले असेल तर सळई खुपसून त्याची जाडी मोजावी आणि बाहेर दिसणाऱ्या उंचीत मिळवावी. हे विसरले की तेवढे वितळण कमी दाखवले जाते. वरच्या, साठवणीच्या भागात बांबूचा उपयोग कमी. तिथे मागच्या उन्हाळ्याचा मळकट थर लागेपर्यंत खड्डा खणतात, दर दहा सेंटिमीटरला ठरावीक घनफळाची नळी खुपसून हिम काढतात, तोलतात आणि घनता काढतात. तो मळकट थर चुकला तर एका वर्षाऐवजी दोन वर्षांचे हिम एकाच वर्षाच्या खात्यावर चढते.

बिघाड आणखीही होतात. वितळण अपेक्षेपेक्षा जास्त झाले की बांबू पूर्ण उघडा पडून आडवा होतो, त्या जागेचे वर्ष वाया. बर्फावर नुसती धूळ असेल तर वितळण वाढते, पण काही सेंटिमीटरहून जाड दगडमातीचा थर उलट बर्फ झाकून ठेवतो. त्यामुळे सगळे बांबू स्वच्छ बर्फावर लावले तर अख्ख्या हिमनदीचा आकडा चुकतो. भेगांमुळे सोयीच्याच जागी बांबू लागतात, हा तर कायमचा दोष. म्हणून दोन काळांतली उपग्रहांवरून काढलेली उंचीची प्रतिमाने, म्हणजे जागोजागची उंची देणारे संगणकी नकाशे, एकमेकांतून वजा करून ताळा घेतात. तिथे घनफळाचे वस्तुमान करताना सहसा ८५० किलो प्रति घनमीटर धरतात.

लाहौलमधल्या छोटा शिग्रीवर अशी मोजणी २००२ पासून सलग चालली आहे. भारतात एवढ्या लांब मालिका बोटांवर मोजण्याइतक्या, कारण निधी तीन वर्षांचा मिळतो आणि हिमनदीला तीस वर्षे हवी असतात.

शिकून ठेवायचे तर क्यूजीआयएस हे नकाशांचे मोफत सॉफ्टवेअर आणि पायथॉन या संगणकभाषेची तोंडओळख. दुसरे, उत्तरकाशी किंवा मनालीचा सुमारे चार आठवड्यांचा बेसिक गिर्यारोहण कोर्स. दोर, बर्फाची कुऱ्हाड आणि भेगेत पडलेल्याला वर काढणे हे पुस्तकातून येत नाही. तिसरे, शब्द जपून वापरायची सवय. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत ऋषिगंगेला लोंढा आला तेव्हा “हिमनदी फुटली” असे सगळीकडे छापून आले. उपग्रहचित्रांवरून निघाले ते वेगळे: रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ एकत्र कोसळला होता, आणि त्यात खडकच बहुतांश. २०१३ ला केदारनाथच्या वर चोराबारी तलाव फुटला आणि २०२३ ला सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनक, ते खरे तलावफुटीचे प्रसंग. कारण वेगळे, म्हणून इशारा देण्याची पद्धतही वेगळी. तलावावर पातळीमापक बसवता येतो. सुटू पाहणाऱ्या कड्यावर काय बसवणार?

प्रश्न : पाचशे-हजार वर्षांपूर्वीचा भूकंप आज कसा कळतो? तेव्हा तर यंत्रे नव्हती. (शिक्षक, चिकोडी)

जमीन खणून. आधी उपग्रहचित्रे आणि उंचीचे नकाशे पाहून भ्रंश जमिनीवर कुठे फुटला असेल ते ठरवतात: नदीची पायरी अचानक तुटलेली, ओढा एकाच रेषेवर बाजूला सरकलेला. मग त्या रेषेला काटकोनात खंदक. साधारण दोन ते चार मीटर खोल, लांबी गरजेप्रमाणे वीस-तीस मीटर. माणूस आत उतरायचा म्हणजे दीड मीटरनंतर भिंतींना पायऱ्या काढणे किंवा आधार देणे आलेच. उपसलेली माती कडेपासून किमान मीटरभर दूर टाकतात. उकरलेल्या मातीच्या वजनाने भिंत ढासळणे हा या कामातला खरा धोका आहे, भूकंपाचा नव्हे.

भिंत खुरप्याने साफ करतात, खिळे आणि दोरीने एक-एक मीटरच्या चौकटी आखतात आणि प्रत्येक थर, प्रत्येक गोटा १:२० प्रमाणात कागदावर उतरवतात. फोटो काढतातच, पण हाताने काढलेला आलेख सोडत नाहीत, कारण चितारताना दिसणाऱ्या गोष्टी फोटोत निसटतात. खालचे थर तुटलेले आणि वरचा थर अखंड असेल तर भूकंप त्या दोघांच्या मधल्या काळातला. आता दोन्ही थरांचे वय काढायचे.

कोळशाचा तुकडा मिळाला तर कार्बन-१४. त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे, पल्ला सुमारे ५०,००० वर्षांपर्यंत. पण कोळसा वरच्या गावातून वाहून आलेला असेल तर थरापेक्षा जुने वय देतो आणि झाडाचे मूळ घुसलेले असेल तर नवे. वाळूच्या थरासाठी प्रकाशदीप्ती पद्धत: वाळूच्या कणाने शेवटचा सूर्यप्रकाश कधी पाहिला ते मोजायचे. साफ केलेल्या भिंतीत पाच-सहा सेंटिमीटर रुंदीची, वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब लोखंडी नळी ठोकतात, बाहेर काढताच दोन्ही टोके काळ्या टेपने बंद. टोकांची दोन-तीन सेंटिमीटर वाळू प्रयोगशाळेत तांबड्या दिव्याखाली वेगळी काढतात, तिला उजेड लागलेला असतो. नळी अर्धवट भरली तर वाळू आत हलते, टोकाची वाळू मध्ये जाते आणि नमुना वाया जातो. म्हणून वरच्या टोकाला कागदाचा किंवा फोमचा बोळा ठासतात. हिमनदीच्या गाळात ही पद्धत हमखास रुसते. बर्फाखालून घासत आलेल्या कणांना पुरता उजेडच मिळालेला नसतो, त्यामुळे वय प्रत्यक्षापेक्षा जास्त निघते. हिमोढावरच्या, म्हणजे हिमनदीने रचलेल्या दगडमातीच्या बांधावरच्या, मोठ्या शिळांचे वय म्हणूनच बेरिलियम-१० वरून काढतात. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे उघड्या खडकात ते साठत जाते. शिळा मीटरभर तरी उंच, गडगडून उलटलेली नको, आणि माथ्याचा वरचा दोन ते पाच सेंटिमीटरचा, क्वार्ट्झ असलेला कपचा घ्यायचा.

खंदकाने जुने समज बदललेले आहेत. १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात भ्रंश पृष्ठभागापर्यंत फुटलाच नाही असे दीर्घकाळ मानत. नेपाळात सिर खोला इथल्या नदीकाठच्या अभ्यासात तो फुटल्याचा पुरावा निघाला. किल्लारीतही १९९३ नंतर खंदक खणले गेले.

तुमच्या भागासाठी एक इशारा. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात वीतभर रुंद भेगा पडतात आणि खणल्यावर आत चकचकीत, ओरखडे उमटलेले पृष्ठभाग दिसतात. ते भ्रंशाच्या घसरपट्टीसारखेच दिसतात, पण ती माती फुगण्या-आटण्याने झालेली घासाघीस आहे. भेग खालच्या मुरमात किंवा खडकात उतरते का ते पाहा. मातीतच संपली तर तो भूकंप नव्हे.

प्रश्न : बेळगावला भूकंपाचा धोका किती? “अमक्या तारखेला मोठा भूकंप” असे मेसेज फिरतात ते खरे का? (वाचक, टिळकवाडी)

मेसेज खोटे असतात. दिवस, जागा आणि तीव्रता सांगून भूकंपाचे भाकीत करण्याची पद्धत आज जगात कोणाकडेच नाही.

धोका मध्यम. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे (विभाग २ सर्वांत कमी धोक्याचा, ५ सर्वांत जास्त) बेळगाव आणि धारवाड विभाग ३ मध्ये आहेत, हादऱ्याचा जोर धरायचा विभागगुणांक ०.१६. कोयना विभाग ४ मध्ये, ०.२४. आपल्याला हादरा बसण्याची सर्वांत सरळ शक्यता कोयनेकडूनच. कोयनानगर बेळगावपासून सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, धरणाचा जलाशय भरू लागून तेव्हा पाच-सहा वर्षेच झाली होती. जलाशयाशी जोडलेल्या भूकंपांत तो जगात आजही सर्वांत मोठा मानतात आणि तिथले लहान धक्के अजून थांबलेले नाहीत. म्हणून तर गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडकातला दाब आणि तापमान मोजले.

अंतर घरबसल्या काढता येते. आधी हलकी, झटक्याची लाट जाणवते, मग मोठी, झुलवणारी. दोन्हींमधले सेकंद मोजा आणि आठने गुणा, तेवढे किलोमीटर. कोयनेचा भूकंप बेळगावात सुमारे २४ सेकंदांच्या फरकाने येईल. तीव्रता एक अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणून ३.५ चे पाच-दहा धक्के बसले की “मोठा टळला” हे म्हणणे हिशोबात बसत नाही.

घराबाबत थोडक्यात. किल्लारीत माणसे मेली ती जाड, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरच्या जड माळवदाखाली. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंतीही तशाच, दोन थर वेगवेगळे रचून मध्ये भर घातलेल्या. नवी दगडी भिंत बांधताना दर ६० सेंटिमीटर उंचीला आणि आडव्या १.२ मीटरच्या आत भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड हवा, आणि जोते, लिंटल, छप्पर या पातळ्यांवर सगळ्या भिंतींना वळसा घालणारा सलग काँक्रीटचा पट्टा. बाकीचे स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. भूवैज्ञानिक फार तर खाली काळी माती किती खोल आहे ते सांगेल.

प्रश्न : मुलीला ग्लेशियरवर पाठवायला भीती वाटते. आम्ही सपाटीवरची माणसं. (आई, बेळगाव)

बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे ताई, काम चार-पाच हजार मीटरवर असते. पण उंचीचा त्रास मुलगा-मुलगी, सपाटी-डोंगर असा भेद करत नाही. धडधाकट पोरांनाच जास्त होतो, कारण ती घाई करतात. नियम ठरलेले आहेत: ३,००० मीटरनंतर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जायचे नाही. बसल्या जागी धाप, खोकला, तोल जाणे, बोलण्यात घोळ दिसला तर रात्र असली तरी खाली उतरवायचे, सकाळची वाट बघायची नाही. मुलीला तीन गोष्टी विचारायला सांगा: तुकडीत उतरवून नेण्याचा निर्णय कोण घेतो, सॅटेलाइट फोन आहे का, विमा हिमनदीवरच्या कामाला लागू आहे का. तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली तर पाठवा. टाळाटाळ झाली तर त्या मोहिमेला नको म्हणा, विषयाला नको.

प्रश्न : कॉलेजात फील्डवर्क वर्षातून एकदाच होते. रविवारी स्वतः सराव करायचा तर काय साहित्य घेऊ, कुठे जाऊ? (विद्यार्थी, बेळगाव)

सुरुवातीला चार वस्तू पुरतात. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, साधारण पाऊण किलोचा भूवैज्ञानिकाचा हातोडा, क्लायनोमीटर (उतार मोजायचे साधन) असलेले होकायंत्र, आणि ड्रॉपरच्या बाटलीत दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल. गवंड्याचा हातोडा नको, त्याचे पोलाद खडकावर कपचे सोडते. आम्ल कॉलेजच्या प्रयोगशाळेतून पातळ करून घ्या, घरी करू नका. करावेच लागले तर पाण्यात आम्ल ओतायचे, आम्लात पाणी कधीच नाही. नकाशासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर १:५०,००० चे भूवैज्ञानिक नकाशे मोफत आहेत.

एका दिवसाच्या अंतरात एवढी विविधता पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे बेसॉल्ट आणि जांभा. गोकाककडे बेसॉल्टखालून डोकावणारा कलादगी वालुकाश्म. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थला मलप्रभेने क्वार्टझाइटची रांग कापून काढलेली घळ. लोंढा-कॅसलरॉककडे धारवाड गटाचे शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांनी फुटणारे रूपांतरित खडक. बागलकोट जिल्ह्यातल्या लोकापूरकडे चुनखडक आणि डोलोमाइट. तिथे आम्लाचा सराव करा: चुनखडक लगेच फसफसतो, डोलोमाइट सहसा चाकूने खरवडून पूड केल्यावरच.

थरांचा कल मोजायला सौंदत्ती उत्तम. होकायंत्र थेट खडकावर टेकवण्याआधी वहीचा सपाट पुठ्ठा ठेवा, म्हणजे खडकाच्या उंचसखलपणाने दोन-चार अंशांची चूक होत नाही. एकाच थरावर तीन ठिकाणी मोजा, पाच अंशांपेक्षा जास्त फरक आला तर बहुधा तुम्ही सुटलेल्या शिळेवर मोजताय. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, काटा भरकटतो, विशेषतः वीज पडणाऱ्या माथ्यांवर. तिथे दोन पावले मागे सरकून, छातीच्या उंचीवर धरून वाचन घ्या आणि हातोडा पाठीमागच्या पिशवीत ठेवा.

नमुना मुठीएवढा, ताज्या तुटलेल्या बाजूचा. क्रमांक दगडावरही आणि पिशवीवरही, कारण पिशव्या फाटतात. वहीत पेन्सिलने लिहा. शाई पहिल्या पावसात जाते आणि खानापूरच्या बाजूला पाऊस जूनची वाट बघत नाही. बदामी किंवा कुठल्याही संरक्षित वास्तूच्या आवारात हातोडा बाहेर काढायचा नाही, आणि बेसॉल्टवर मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच, त्याची कपची काचेसारखी उडते.